सातवा ट्रॅक

माझं कामच संशयाचं. सुवा शहरातल्या एका मोठ्या दुकानाच्या दारात मी उभा असतो आणि बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या बिलाशी ताडून पाहतो. आत काय आहे हे पिशवी कधी सांगत नाही, माणसाचे डोळे सांगतात. ज्याने साबणाची वडी खिशात घातलीय तो माझ्याकडे बघत नाही, छताकडे बघतो. त्या शनिवारी मी मेव्हण्याच्या घराच्या पायरीवर पाऊल ठेवलं मात्र, त्याने घाईघाईने त्याच्या गाणं भरायच्या यंत्राचं एक बटण दाबलं आणि तो छताकडे बघायला लागला. मी मनात स्वतःलाच म्हटलं, साकिउसा, इथे पाणी मुरतंय.

मेव्हणा म्हणजे कितिओने, माझ्या बहिणीचा नवरा. आमच्यात या नात्याला तवाले म्हणतात आणि तवालेला काहीही बोललेलं चालतं. त्याने रागवायचं नसतं, उलट दुप्पट ऐकवायचं असतं. मी त्याला टकल्या म्हणतो. तो मला चर्चची घंटा म्हणतो, कारण आमच्या चर्चच्या घंटेलाही तडा गेलाय.

तो, मी आणि आपाकुकी असे आम्ही तिघं वर्षानुवर्षं एकत्र गातोय. यांगोना म्हणजे मुळ्या कुटून केलेलं पेय, त्याची परात मध्ये, आम्ही भोवती, आणि गाणं. कितिओने गिटार वाजवतो आणि मधला सूर धरतो. आपाकुकी बस चालवतो आणि त्याच्या बसच्या इंजिनासारखाच खालून घुमतो. पुढचा आवाज माझा. गाणं कुठलं घ्यायचं, कुठे थांबायचं, पुढची वाटी कोणाला द्यायची, हे पुढच्या आवाजाने ठरवायचं असतं. या वयात मला दुसरं कोणी कशाला विचारतं? दुकानातला मॅनेजर मला माझ्या नावाने हाक मारत नाही, "दार" म्हणतो.

यंत्र आलं तेव्हापासून यात बिघाड सुरू झाला. कितिओनेच्या ऑकलंडच्या भावाने जुनं झालं म्हणून ते आठ ट्रॅकचं रेकॉर्डर धाडून दिलं. आठ ट्रॅक म्हणजे एका चाळीतल्या आठ खोल्याच. एकीत गिटार, एकीत चार तारांचं चिमुकलं युकुलेले, एकीत आपाकुकीचा खर्ज. एका खोलीतलं पुसून पुन्हा भरलं तरी शेजारच्या खोलीला धक्का लागत नाही. त्यासाठी प्रत्येकाने एकेकटं गायचं. कानावर हेडफोनच्या टोपल्या घालून, समोर माइक, आणि बाकीचे दोघं चूप. यांगोना पण नाही, का तर वाटी ठेवल्याचा आवाज येतो. हे काय गाणं झालं? दवाखान्यात छातीचा फोटो काढतात तसं वाटतं.

पण या वेळी यंत्राशिवाय इलाज नव्हता. आई गेली, आणि बेटावर तिचा दुखवटा उतरवायचा दिवस जवळ आला होता. मंगळवारी बोट होती. आमच्या बेटाला बोट जाते ती कप्तानाच्या मनात आलं तर, म्हणून ही चुकवून चालणार नव्हतं. त्या दिवशी सगळ्या गावासमोर आईचं गाणं व्हायला हवं. आईने स्वतः रचलेलं. ओहोटीला ती लांब प्रवाळावर शिंपल्या काढायला जायची आणि आम्ही पोरं किनाऱ्यावरून ओरडायचो, त्याचं गाणं. पोर विचारतं, "कुठवर गेलीस?" आणि आई उत्तर देते, "हाक ऐकू येईल इतकीच." विचारणं खालच्या पट्टीत, उत्तर वरच्या. मी विचारायचो, आई उत्तर द्यायची. आता विचारायचंही मीच आणि उत्तरही मलाच द्यायचं. आणि ते उत्तर आलं की माझा आवाज फुटतो. आई गेल्यापासून एकदाही मला ते गाणं सलग म्हणता आलेलं नाही. गावासमोर असं झालं तर लोक म्हणतील, एवढा मोठा गाणारा मुलगा आणि आईचं गाणं पुरं करता आलं नाही. म्हणून तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड करायचं ठरलं.

आधीच्या शनिवारी मी ते गायलो होतो. पाचवा ट्रॅक. मला नेहमीच्या जागी बसवलं होतं, स्वयंपाकघराच्या फळ्यांच्या भिंतीला पाठ लावून, माइक तोंडासमोर. दुसऱ्या कडव्यात उत्तर आलं आणि आवाज फुटायचा तो फुटलाच. मी पुन्हा गायला तयार होतो, पण तेवढ्यात पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला आणि सुव्यातला पाऊस, तो काय कोणाचं ऐकतो? "राहू दे तवाले," कितिओने म्हणाला, "चांगलं झालंय. मी वरून मास्टरिंगचा हात फिरवतो, मग बघ." गाणं तयार झाल्यावर यंत्र त्याला शेवटची झिलई देतं, त्याला तो मास्टरिंग म्हणतो. आवडली नाही तर एक बटण दाबून मागे जायचं, नुकतं भरलेलंही तसंच काढता येतं, ते अनडू. पुन्हा हवी वाटली तर शेजारचं बटण दाबायचं, ते रीडू. हे त्यानेच मला कौतुकाने दाखवलं होतं, आणि दाखवलेलं मी विसरत नाही.

तर या शनिवारी मी जरा लवकर पोचलो. अंगणातच मला आमचं गाणं ऐकू आलं. झिलई लावलेलं, भरलेलं, अगदी जवळ येऊन गाणारं. दुसरं कडवं आलं. माझा आवाज फुटला. आणि त्या फुटलेल्या जागी दुसराच एक आवाज आला. बारीक, उंच, फाटलेल्या चटईखाली कोणी हात धरावा तसा. मी पायरी चढलो. बटण. छत. गाणं तसंच चालू राहिलं, पण लांब गेलं, फिकं झालं, आणि तो आवाज नव्हता.

"आज लवकर?" कितिओने म्हणाला.

"कोण गात होतं?"

"तूच. दुसरं कोण? स्वतःचा आवाज ओळखू येईना का, घंटे?"

"माझ्यानंतर कोण गात होतं?"

"यंत्राची घरघर असते रे," तो म्हणाला आणि गिटारच्या तारा लावायला लागला. तारा लागलेल्याच होत्या.

मी बसलो. आत स्वयंपाकघरात सुरी चालत होती ती थांबली. तिथे माझी बहीण होती, उनाइसी. हे मी तिला बघून सांगत नाहीये. मला मिसरूड फुटल्यापासून आम्ही भाऊबहीण एकमेकांशी बोललेलो नाही, एका चटईवर बसलेलो नाही. भांडण नाही. बहिणीचा मान असाच ठेवायचा असतो. सुव्यात येऊन पुष्कळांनी हे सोडलं, आता भाऊबहीण बसमध्ये शेजारी बसून वडे खातात. आमच्या बेटाची माणसं मात्र सोडत नाहीत. मी पुढच्या दाराने आलो की ती मागच्या खोलीत जाते. मला काही हवं असलं तर मी कितिओनेला सांगतो, जरा मोठ्याने. मग भिंतीआड कुजबुज होते आणि कितिओने उत्तर घेऊन येतो. एकदा मी म्हटलं होतं, "कितिओने, अळूच्या भाजीत कोणीतरी मीठ विसरलंय." तो आत गेला आणि येऊन म्हणाला, "निरोप आहे की मीठ तुमच्याच दुकानात मिळतं, येताना आणत जा." अशी आमची बहीण. आई गेली तेव्हाही ती बायकांत रडली, मी पुरुषांत. मधे एक पडदा होता.

आपाकुकी आला तो थेट माझ्या कानाला लागला. कितिओने वायर शोधायला पलंगाखाली शिरला होता.

"तुला कळलं का?" आपाकुकी त्याला हळू वाटतं तेवढ्या आवाजात म्हणाला. "बुधवारी याच्या दारात रुपेनी उभा होता. मी बसमधून बघितला."

"कुठला रुपेनी?"

"तो रे, हॉटेलात गातो तो. कानात फूल खोचून. बारीक आवाजाचा."

बारीक आवाजाचा. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रुपेनी तिशीचाही नसेल. पाहुण्यांसमोर गातो, वरच्या पट्टीत पाखरासारखा फिरतो आणि त्याचे दात पांढरेशुभ्र आहेत. माझं फुटकं उत्तर झाकायला माझ्या मेव्हण्याने त्याला बुधवारी गुपचूप बोलावलं, माझ्या आईच्या गाण्यात माझ्या आवाजावर त्याचा आवाज चढवला, आणि आता मला समोर बसवून छताकडे बघतोय. आज उत्तर गेलं, उद्या पूर्ण गाणं जाईल, परवा परातीभोवतीची जागा जाईल. आणि बेटावर सगळ्या गावासमोर आईच्या जागी हॉटेलातलं पोरगं गाईल!

"कितिओने," मी म्हटलं, "बुधवारी कोण आलं होतं?"

पलंगाखालून डोकं आपटल्याचा आवाज आला. "कोण कुठे?"

"फूलवाला."

"हां, तो. त्याला हेडफोन परत द्यायचे होते."

"त्याचे हेडफोन तुझ्याकडे कसे?"

"घेतले होते."

"आणि हे रे काय?" आपाकुकीने भिंतीवरच्या खिळ्याला लटकलेले हेडफोन दाखवले. "हे तर तुझेच. मग दुसरे कोणाला लागत होते?"

बसवाला असला तरी आपाकुकी कधीकधी बरोबर थांब्यावर उतरवतो. कितिओने वायर गुंडाळायला लागला. ताकाला तूर लागू द्यायची नाही असं त्याने ठरवलंच होतं.

"मगाशी वाजत होतं तसं वाजव," मी म्हटलं.

"मगाशीचं बिघडलंय. मी मागे नेलं. हेच बरं आहे, साधं."

"मग पुढे आण. रीडू दाब."

"तवाले, तुला या यंत्रातलं कळत नाही."

"यंत्रातलं नसेल कळत. माणसातलं कळतं."

त्याने नुसतं साधं गाणं वाजवलं. ऐकलं आम्ही. माझं उत्तर फुटलं ते उघडंच पडलं होतं. आपाकुकीने खाली मान घातली. माझ्या दाढीत हात गेला. आई गेल्यापासून मी दाढी केलेली नाही, दुखवटा उतरला की बेटावरच काढायची. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू येत होतं आणि राग पण येत होता, आणि मी रागाला पुढे केलं.

"हे असं बेटावर जाणार नाही," मी म्हटलं, "आणि फूलवाल्याची झिलई लावूनही जाणार नाही. पाचवा ट्रॅक पूस. मी पुन्हा गातो. फुटेल तर फुटेल, माझा मी फुटेन."

"पाचवा नको," कितिओने म्हणाला.

"का?"

"नको म्हणतोय ना. सातवा रिकामा आहे, आठवा आहे. तिथे गा."

"माझा आवाज माझ्या खोलीतून मी काढतो, तुला काय त्याचं?"

"साकिउसा, पाचव्याला हात लावायचा नाही!"

त्याने मला नावाने हाक मारली. घंटा नाही, तवाले नाही. आपाकुकीने माझ्याकडे बघितलं आणि भुवया उडवल्या. आता संशय कसला, खात्रीच झाली. माणूस पिशवी छातीशी धरतो तेव्हा त्या पिशवीत बिलाबाहेरचं काहीतरी असतंच.

आपाकुकीला वाद झेपत नाहीत, त्याला काम झालेलं आवडतं. "भांडता काय, पाऊस येईल," असं म्हणून त्याने आपला जाडजूड अंगठा पाचव्या ट्रॅकच्या, पुसून पुन्हा भरायच्या लाल बटणावर ठेवला. कितिओनेने त्याच्या मनगटावर अशी चापट मारली की यंत्र चटईवर सरकलं. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे पातेलं पडलं. झाकण बराच वेळ गरगरत राहिलं.

"भाजलं का?" कितिओने ओरडला आणि आत धावला.

मी तेवढीच वाट बघत होतो. लोक म्हणतील दुसऱ्याच्या वस्तूला हात लावला. लावला! इतकी वर्षं लोकांच्या पिशव्या उघडतोय, मेव्हण्याचं यंत्र मला काय जड? अनडूच्या शेजारचं बटण दाबलं. पडद्यावर काहीतरी फिरलं. मग मी गाणं सुरू केलं, दुसऱ्या कडव्यापासून.

झिलई परत आली. गिटार जवळ आली, आपाकुकीचा खर्ज पोटाशी आला. माझा श्वाससुद्धा ऐकू आला, चटईची कुरकुर ऐकू आली, लांब कुठेतरी कोंबडा आरवलेला ऐकू आला. मी यातलं काही गायलो नव्हतो. मी विचारलं, "कुठवर गेलीस?" मी उत्तर उचललं, ते फुटलं, आणि त्याच्या खालून तो बारीक आवाज वर आला. "हाक ऐकू येईल इतकीच."

"रुपेनी," आपाकुकी म्हणाला. "तरी मी सांगत होतो."

मी हात वर केला. मागे नेलं आणि पुन्हा ऐकलं. "इतकीच" या शब्दावर तो आवाज वर चढला, पाण्यात पाय घसरावा तसा किंचित खाली गेला, आणि पुन्हा जागेवर आला. तीच मुरकी. ही कोणी शिकवून येत नाही. चर्चच्या वादकाने आईला एकदा सांगितलं होतं की तिथे तुमची चूक होते, सरळ जा. आई म्हणाली, प्रवाळावर सरळ कोण चालतं? ती मुरकी सगळ्या जगात तीन माणसांना ठाऊक होती. एक आई, ती गेली. एक मी, आणि माझ्या गळ्यातून ती निघत नाही. तिसरी लहानपणी आईच्या चटईवर माझ्या शेजारी बसून शिकली होती, समोरचे दोन दात पडलेली एवढीशी पोरगी, आणि मी मोठा झालो तसं तिचं गाणं माझ्या कानावर पडायचं बंद झालं.

"रुपेनी नाही," मी म्हटलं. दाढी भिजली. भिजली तर भिजली.

कितिओने दारात उभा होता. त्याने ऐकलं होतं. यंत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसला.

"माइक तुझ्या तोंडाकडे," तो हळू म्हणाला, "म्हणजे तुझ्या पाठीमागच्या भिंतीकडे. फळ्यांत बोटभर फटी. तुझ्या कानावर हेडफोन, तुला काय ऐकू येणार? साधं लावलं तर मलाही ऐकू येत नाही. पण मास्टरिंग काय करतं, मोठ्याला दाबतं आणि हळूला वर काढतं. लावलं, आणि ही वर आली. माझ्या अंगावर काटा आला."

"मग सांगितलं का नाहीस, टकल्या?"

"कसं सांगणार? तिने ऐकलं आणि तिच्या हातातली सुरीच पडली. म्हणाली, काढून टाका. भावाच्या गाण्यात बहिणीचा आवाज, बेटावर आत्या-मावश्या बसलेल्या असतील, त्या ओळखतील, भावाची शोभा होईल. रोज विचारते, काढलं का? म्हणून रुपेनीला बोलावला. हॉटेलात त्याच्याकडे मोठं यंत्र आहे. हेडफोन घेऊन आला, तासभर ऐकलं. म्हणाला, दोन्ही आवाज एकाच ट्रॅकवर आहेत, वेगळे होत नाहीत. एक तर पाचवा पुसून पुन्हा गा, नाहीतर झिलई लावू नका, म्हणजे ती खालीच बुडून राहील. मी अनडू केलं. तिला म्हटलं, गेलं. पण गेलेलं नाही ना. मी एकटा असलो की पुढे आणतो, ऐकतो, परत मागे नेतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, तवाले, ती चर्चमध्ये पन्नास जणींत गाते. एकटी गाताना मीसुद्धा पहिल्यांदा ऐकली."

माझ्या मनात अजून एक किडा वळवळत होता, तो सांगूनच टाकतो. ती चुकून गायली का? की माझा आवाज कुठे फुटणार हे तिला ठाऊक होतं, आणि तिथे ती मुद्दाम आली? चुकून आली असेल तर ती गुणगुण. मुद्दाम आली असेल तर तो आधाराचा हात. हे विचारायचं कोणाला? कितिओनेला विचारलं तर तो आत जाऊन विचारणार, कुजबुज होणार आणि उत्तर येणार, "चुकून." बहीण दुसरं काय सांगणार?

"पुसू या मग," आपाकुकी बिचारा म्हणाला. "तिचीच इच्छा आहे तर."

"अंगठा आवर," मी म्हटलं. मग मी आवाज चढवला, अळूच्या भाजीत मीठ नसतं तेव्हा चढवतो तितका. "कितिओने! भाऊबहिणींनी बोलायचं नाही हे मला माहीत आहे. एका चटईवर बसायचं नाही, हेही माहीत आहे. गायचं नाही, असं कुठल्या म्हाताऱ्याने सांगितलंय? मधे भिंत आहे की नाही?"

"भिंत आहे," कितिओने म्हणाला.

"मग मान राहिला. आणि आत्या-मावश्यांना ऐकू दे. आईच्या दुखवट्याला मी आईचं अर्धंच गाणं नेऊ? तिथे कोणी शोभा केलीच, तर मी दारात उभा राहून प्रत्येकीची पिशवी तपासेन!"

भिंतीपलीकडे काही हललं नाही. कुजबुजही नाही. कितिओने उठून आत जायला लागला, मी त्याचा पाय धरून खाली बसवला. आज निरोप्या नको होता.

"सातवा ट्रॅक रिकामा आहे म्हणालास ना? तो उघड. पाचवा तसाच राहू दे, त्याला कोणी हात लावायचा नाही. आणि गिटार घे, समोर बसून वाजव. मला टोपल्या घालून गायचं नाही."

मी माझ्याच जागी बसलो, भिंतीला पाठ लावून. माइक मात्र माझ्या तोंडासमोरून बाजूला केला आणि माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्यांकडे वळवला. आपाकुकीने श्वास रोखला. लाल दिवा लागला. कितिओनेने दोन सूर छेडले.

मी पहिलं कडवं म्हटलं. दुसरं सुरू केलं. आवाज खरखरत होता, पण विचारण्यापुरता पुरेसा होता. मी विचारलं, "कुठवर गेलीस?" आणि उत्तर उचललं नाही. तोंड मिटून गप्प बसलो.

कितिओनेची बोटं तारांवर तशीच फिरत राहिली, एक फेरा, दुसरा फेरा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही. शेजाऱ्याच्या रेडिओवर रग्बीचा आरडाओरडा चालला होता. मला वाटलं, चुकूनच होतं ते. मी उगाच डोंगर केला. ती मागच्या दाराने केव्हाच अंगणात निघून गेली असेल, आणि मी इथे एका रिकाम्या स्वयंपाकघराला हाका मारतोय.

मग माझ्या पाठीला लागलेली फळी किंचित दबली. पलीकडून कोणीतरी पाठ टेकली होती.

"हाक ऐकू येईल," भिंत म्हणाली, आणि वर चढली, आणि पाण्यात पाय घसरावा तशी खाली आली, आणि जागेवर परतली, "इतकीच."

मी पुढचं विचारलं. तिने उत्तर दिलं. तिसऱ्या कडव्यालाही दिलं, त्यात आवाज ओला झाला होता, पण फुटला नाही. आमच्या घरात फुटायचं काम माझ्याकडेच आहे. गाणं संपलं तेव्हा आपाकुकीने यंत्र चालू आहे हे विसरून मोठ्याने नाक शिंकरलं. ते आता बेटावर वाजेल तेव्हा सगळं गाव ऐकणार, कारण झिलई लावली की तेही वर येतं.

लाल दिवा विझला. आत सुरी पुन्हा चालायला लागली, जरा जोरातच. कितिओने बटणांकडे वाकला आणि त्याचं बोट अनडूच्या जवळ गेलं. बहुतेक तो नुसतं यंत्र बंद करत असावा. तरी मी त्याचा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला आणि मंगळवारी बोटीवर चढेपर्यंत त्या यंत्रावरची नजर काढली नाही.